लागोसमधल्या आपल्या मंडळाला खुलं पत्र: ड्रायव्हरची नक्कल आता पुरे

मंडळाची कमिटी, सांस्कृतिक विभाग आणि ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची फुलं टाकणारे समस्त सभासद यांना सप्रेम नमस्कार.

हे ग्रुपवरच टाकणार होते, पण तिथे काही गंभीर लिहिलं की दोन मिनिटांत कोणीतरी मोदकांचा फोटो टाकतं, त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागते आणि विषय वर सरकून गायब. म्हणून इथे उघड्यावर लिहितेय. नावं कुणाचीच घेत नाही, ज्याचं त्याला कळेल.

यंदाच्या गणपतीतल्या त्या नाटुकल्याबद्दल बोलायचंय. जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात: आपल्यातलेच एक हौशी कलाकार तोंडाला आणि हाताला काळा रंग लावून, ड्रायव्हरचा शर्ट घालून स्टेजवर आले आणि वीस मिनिटं "यस ओगा, नो ओगा, गो-स्लो ओगा, माय ग्रँडमदर डाय ओगा" करत राहिले (ओगा म्हणजे इथल्या बोलीत साहेब, गो-स्लो म्हणजे ट्रॅफिक जॅम). रजा मागायला आजी चौथ्यांदा मेली तेव्हा हॉलमध्ये लोक खुर्चीवरून खाली यायचे बाकी होते. मागे दाराजवळ आपल्या सगळ्यांचे खरे ड्रायव्हर उभे होते, कारण कार्यक्रम नेहमीप्रमाणे दीड तास लांबला होता आणि बाहेर पाऊस होता. केटररची पोरं होती, दोन सिक्युरिटीवाले होते. त्यांना मराठी येत नाही हो, पण ओगा कळतं, आणि तोंडाला काय फासलंय ते दिसतं.

नंतर मी विषय काढला तर मला सांगण्यात आलं, "वहिनी, विनोद आहे, विनोदाने घ्या."

बरं. विनोदाचंच बोलू मग.

आपण ज्या देशात राहतोय तो नायजेरिया विनोदाच्या बाबतीत कुणाच्या बापाला ऐकणारा नाही. मराठी मीम पेजवर तो एक बारकासा बेरकी पोरगा फिरतो बघा, सासू म्हणाली अन् मी म्हणालो वाल्या सगळ्या मीममध्ये असतो, माझा भाचा तर त्याला शाळकरी पोरगाच समजत होता. तो पोरगा नाही. ओसिता इहेमे नाव त्याचं, जन्म १९८२ चा, नॉलिवूडचा, म्हणजे इथल्या सिनेमाचा, मोठा नट, २०११ मध्ये इथल्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला राष्ट्रीय सन्मान दिलाय. म्हणजे सातारा-सांगलीपर्यंत लोक नायजेरियन माणसाच्या चेहऱ्यावर रोज हसतायत आणि आपण त्याच्याच देशात बसून काय करतोय तर तोंडाला रंग.

विजेचं घ्या. सरकारी वीज कंपनी नेपा, तिचं लोकांनी केलेलं बारसं म्हणजे नेव्हर एक्स्पेक्ट पॉवर ऑलवेज. २००५ मध्ये सरकारने नाव बदलून पीएचसीएन केलं तर आठवड्याभरात लोक म्हणायला लागले असणार, प्रॉब्लेम हॅज चेंज्ड नेम. २०१३ मध्ये तुकडे करून खासगी कंपन्यांना विकली, तरी आजही लाइट आली की गल्लीतली पोरं "अप नेपा!" असंच ओरडतात, तीस सेकंदात परत गेली की जे ओरडतात ते लिहिण्यासारखं नाही. वीस कोटींच्या वर लोकांच्या देशात ग्रिडवर जेमतेम चार-पाच हजार मेगावॅट वीज असते. आपल्या एकट्या महाराष्ट्राची उन्हाळ्यातली मागणी पंचवीस हजारांच्या वर जाते, म्हणजे विचार करा. लोक मग छोटे जनरेटर घेतात, आणि त्या सगळ्यात बारक्या, फटफट करणाऱ्या, गॅलरीत मावणाऱ्या जनरेटरला बाजारात नाव काय तर "आय बेटर पास माय नेबर". शेजाऱ्यापेक्षा मी बरा! हे नाव ज्याने कुणी ठेवलं त्याला मी उभं राहून सलाम करते. २०२४ मध्ये नॅशनल ग्रिड किती वेळा कोसळला ते मोजणं लोकांनी सोडून दिलं होतं. असंच एकदा कोसळला तेव्हा आमच्या अकाउंट्समधली मुलगी मान वर न करता म्हणाली, "पडला? पण त्याला उभं कुणी केलं होतं?"

ह्या मुलीच्या घरी इन्व्हर्टर नाही, ती रात्री घामात झोपते, सकाळी पाचला निघते, तिने हा जोक केला. आपल्या कंपाउंडमध्ये चोवीस तास मोठा जनरेटर चालतो, डिझेल कंपनी भरते, आणि आपण ग्रुपवर लिहितो की ह्या देशाचं काही खरं नाही, काल लिफ्ट चाळीस सेकंद बंद होती.

मी इकेजाला राहते, मेनलँडवर (म्हणजे श्रीमंत वस्तीच्या आयलंडपासून पुलापलीकडे), आणि माझी गाडी गॅरेजला गेली की दानफोत, म्हणजे इथल्या पिवळ्या मिनीबसमध्ये, बसते. मला माहितीये ह्यावर ग्रुपवर काय बोललं जातं, "त्यांना सेफ्टीचं काही नाही" वगैरे. असू दे. एकदा ओजुएलेग्बाला चढले, ओशोडीला उतरायचं. कंडक्टर दाराला लटकून ओरडतच होता, "एंटर विथ युअर चेंज ओ!", सुट्टे घेऊन चढा, पण सुट्टे कुणाकडे असतात. उतरताना त्याने काय केलं, मला आणि शेजारच्या बाईला मिळून हजार नायराची एक नोट दिली, म्हणाला तुम्ही दोघी वाटून घ्या, आणि गाडी गेलीसुद्धा. ही इथली रोजची पद्धत, ह्याला लोक लग्न लावणं म्हणतात. ती बाई नर्स होती, ड्यूटी संपवून चाललेली, पायात सुजलेले घोटे. नोट माझ्या हातात, ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ओयिन्बो (म्हणजे परदेशी बाई), आता लग्न झालंच आहे आपलं, तर ब्राइड प्राइस कोण देणार?" आम्ही दोघी पफ-पफ, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळणाऱ्या मावशीकडे गेलो, नोट मोडायला म्हणून पफ-पफ घेतले, आणि तिथेच उभ्याने खाल्ले. वाटणीत मला थोडे कमी आले, हुंडा धरा.

तर ती नर्स. ती इंग्लंडला जायची वाट बघत होती. जापा म्हणतात त्याला, देश सोडून सटकणं, इथल्या प्रत्येक घरात कुणीतरी जापा झालेलं आहे किंवा फॉर्म भरून बसलंय. २०२४ च्या फेब्रुवारीत नर्सिंग कौन्सिलने नियम काढला की पास झाल्यावर दोन वर्षं इथे नोकरी केल्याशिवाय परदेशासाठी कागद व्हेरिफाय करून मिळणार नाहीत, नर्सेस रस्त्यावर उतरल्या. शिवाय इंग्लिश ज्या देशाची सरकारी भाषा त्या देशाच्या मुलीला इंग्लिश येतं की नाही ह्याची परीक्षा पैसे मोजून द्यावी लागते. ती म्हणाली, "राणीने आमच्यावर राज्य केलं तेव्हा टेस्ट घेतली नव्हती." मला सांगा, आपल्या कोपऱ्या-कोपऱ्यावरच्या आयईएलटीएस क्लासमधली पोरं आणि ही, ह्यात काय फरक आहे? एकच, हिला जोक चांगले जमतात.

आता त्या चार वेळा मेलेल्या आजीचं. हे मला जरा नीट सांगायचंय कारण हा जोक आपण सगळेच गेली कित्येक वर्षं करतोय, पार्टीत पहिला पेग झाला की येतोच.

आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर अनाम्ब्रा राज्याकडचा, इग्बो समाजाचा. त्यांच्याकडे माणूस गेला की आपल्यासारखं संध्याकाळपर्यंत उरकत नाहीत. बॉडी मॉर्गमध्ये ठेवतात, कधी काही आठवडे, कधी महिने. पैसे जमायचे असतात, परदेशातला मुलगा यायचा असतो, गावातल्या घराला निदान रंग तरी द्यायचा असतो कारण पुरायचं त्याच आवारात. मग तारीख ठरते, फोटोवालं पोस्टर छापतात, मांडव, खुर्च्या, बँड, गाय, गावकीचं आणि चर्चचं देणं, सगळ्या नातेवाइकांना एकसारखं कापड. म्हणजे आजी जानेवारीत जाते आणि रजा मार्चमध्ये लागते, आणि साहेब म्हणतो अरे ही तर जानेवारीतच मेली होती ना! त्यात वडिलांची आई ग्रँडमा, आईची आई ग्रँडमा, वडिलांच्या काकूही ग्रँडमाच. चार तर कमी झाल्या. आणि आपण? चुलत आजी, मावस आजी, आजेसासू, मग दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, एका आजीच्या जिवावर आपल्या माणसाने किती रजा काढल्यात हे पुण्याच्या कुठल्याही सरकारी ऑफिसच्या हेडक्लार्कला विचारा.

आणि त्या रजेचा खर्च कोण करतो? तोच. घरात कमावणारा तो एक, त्यामुळे धाकट्या भावाची फी, बहिणीचं बाळंतपण, आजीची गाय, सगळं त्याच्या पगारातून जातं. ब्लॅक टॅक्स म्हणतात हे लोक त्याला. पगार किती असतो आपल्याला ठाऊक आहे, आपणच देतो. जुलै २०२४ मध्ये किमान वेतन तीस हजारांवरून सत्तर हजार नायरा झालं आणि तेव्हा पन्नास किलो तांदळाचं पोतं सत्तर हजारांच्या वर होतं. २०२३ च्या २९ मे रोजी नवे राष्ट्राध्यक्ष टिनुबू शपथविधीच्या भाषणात म्हणाले की पेट्रोलची सबसिडी गेली, आणि भाषण संपायच्या आत पंपावर रांगा लागल्या. लिटरमागे दोनशेच्या आत असलेलं पेट्रोल पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत हजाराला टेकलं. डॉलर साडेचारशेच्या आसपास होता तो पंधराशेच्या पार गेला. आपल्यातही ज्यांचा अर्धा पगार नायरात होतो त्यांची तोंडं तेव्हा कशी झाली होती ते मी पाहिलंय, कमिटीत दोन मीटिंग वर्गणी वाढवायची का ह्यावरच झाल्या. मग ज्याचा सगळाच पगार नायरात, त्याने काय करावं? त्याने काय केलं सांगते, आमचा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, सबसिडी गेली, आता फक्त मी जायचा राहिलोय, पण मला परवडत नाही, माझ्या बरिअलचा खर्च मलाच करावा लागेल."

त्याचा मोठा भाऊ कॅनडात आहे. गावाला वाटतं तो डॉलरात लोळतो. तो तिथे रात्री टॅक्सी चालवतो, दिवसा गोदामात माल उचलतो, आणि दर रविवारी इथून त्याला फोन जातात, छपराचं काय, फीचं काय. मागच्या डिसेंबरात आला, उधारीवर तिकीट काढून, आणि विमानतळावरच पहिला ऑफिसर हसून म्हणाला, "एनीथिंग फॉर द बॉईज?", म्हणजे चहापाण्याचं काही डिसेंबरात परतणाऱ्या ह्या मंडळींची इथे भयंकर चेष्टा चालते, आय जस्ट गॉट बॅक म्हणतात त्यांना, तीन वर्षांत आलेला अॅक्सेंट, प्रत्येक गोष्टीची पाउंडात किंमत, हातात पाण्याची बाटली, डास चावला तर जणू वाघ चावला. आठवलं का काही? मे महिन्यात नाशिकला उतरल्यावर आपण पहिल्या दिवशी काय बोलतो, आणि "तुमचं काय बाबा, तुम्ही डॉलरवाले" हे ऐकून मनातल्या मनात कसा हिशोब करतो. मतदानाचंही तसंच, नायजेरियाबाहेरच्या नायजेरियनला परदेशातून मत देता येत नाही, आपल्यालाही विमानाने जाऊन बोटाला शाई लावावी लागते. कॅनडातला तो भाऊ आणि आपण एकाच माळेचे मणी आहोत, ड्रायव्हर फक्त मधल्या मध्ये आपल्या दोघांचं ऐकतो.

आता जोक कुणावर करायचा ह्याचं. इथली पोरं आमदार-खासदाराला सोडत नाहीत, प्रायव्हेट जेटवाल्या पास्टरला सोडत नाहीत, लग्नात नोटा उधळणाऱ्या बड्या माणसाला सोडत नाहीत. (नोटा उधळणं २००७ च्या कायद्याने गुन्हा आहे, २०२४ मध्ये बॉब्रिस्की नावाच्या सोशल मीडिया सेलिब्रिटीला सहा महिन्यांची शिक्षाही झाली, तरी कुठल्याही ओवाम्बेला, म्हणजे इथल्या जंगी पार्टीला, जाऊन बघा.) मिस्टर मॅकरोनी नावाचा तो स्किटवाला, म्हातारा लंपट श्रीमंत करतो तो, तो नुसता मोबाईलवर चेष्टा करून थांबला नाही, २०२१ च्या फेब्रुवारीत लेक्की टोल गेटवर आंदोलनात उभा राहिला आणि पोलिसांनी त्याला उचलून नेलं. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात त्याच टोल गेटवर पोलिसांच्या जुलमाविरुद्ध बसलेल्या पोरांवर गोळ्या चालल्या होत्या. इतक्या जवळून जोक करणारी ही माणसं. आणि आपण जोक कुणावर केला? जो आपली पोरं शाळेत सोडतो, त्याच्यावर. तोही तो दाराशी उभा असताना.

जोक आपल्यावरही आहेत बरं का. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात सूत्रसंचालकाने मला टेबलावर बसलेलं बघितलं आणि माइक माझ्याकडे वळवून म्हणाला, "इंडियन ओगाच्या ऑफिसला एसी आहे, पण रिमोट त्याच्या खिशात असतो." पाचशे लोक हसले. आपल्या कंपन्यांची इथे काय ख्याती आहे, पगाराची, ओरडण्याची, माय फ्रेंड माय फ्रेंड म्हणत घासाघीस करण्याची, ती त्याने एका वाक्यात सांगितली. कुणी तोंडाला पीठ लावून भारतीय झालं नव्हतं, मान हलवत "व्हेरी व्हेरी गुड" केलं नव्हतं. जोक जमला म्हणूनच लागला.

आणि एक आठवण करून देते. २०१३ मध्ये गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला, पर्वरीला त्याच्या देशबांधवांनी हायवे अडवला, तेव्हा गोव्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कॅन्सर म्हटलं, नंतर माफीही मागितली. त्या वेळी नायजेरियाच्या एका अधिकाऱ्याने जाहीर सांगितलं होतं की नायजेरियातही भारतीय राहतात, विसरू नका. जुनी मंडळी सांगतात तेव्हा इथे कशी टरकली होती. पुण्यात आजही नायजेरियन विद्यार्थ्याला फ्लॅट देताना सोसायटीच्या कमिटीची मीटिंग भरते. आणि आपल्या नाटुकल्याचा व्हिडिओ आता त्याच सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय, मला तो नाशिकहून माझ्या नणंदेने पाठवला, खाली लिहिलंय, "तुमच्याकडचे लोक असेच असतात का गं?" इथल्या पोरांच्या हातात तो जायला कितीसा वेळ लागेल, इंटरनेटला पासपोर्ट लागत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान अबुजाला आले तेव्हा इथल्या मराठी लोकांनी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद त्यांच्याकडे व्यक्त केला होता, त्यांनीही ते आवर्जून जाहीर केलं. अभिमान मलाही वाटला. अभिजात भाषेतलं वर्षातलं एक नाटुकलं आपण लागोसमध्ये करतो, तर त्यात रंगाच्या डबीपेक्षा जरा जास्त काहीतरी असावं एवढी अपेक्षा गैर आहे का?

तेव्हा मागण्या. तो व्हिडिओ मंडळाच्या पेजवरून काढा, आजच, "बघतो, मीटिंगमध्ये घेतो" नको. पुढच्या वर्षी कार्यक्रम लांबणार हे आपल्याला आत्ताच माहितीये, तर ड्रायव्हर आणि गार्डसाठी आत खुर्च्या आणि सगळ्यांबरोबरचं ताट, उरलंसुरलं पॅक करून दाराशी नाही. आणि सांस्कृतिक विभागाने अर्धा तास इथल्या एखाद्या स्टँडअपवाल्याला द्यावा, वॉरी शहराकडचा मिळाला तर उत्तम, इथे अर्धे विनोदवीर त्याच गावचे निघतात. मराठी कळणार नाही म्हणून काळजी करू नका, त्याला आपण बरोबर कळतो. पैसे पूर्ण द्यायचे, "मंडळाचा कार्यक्रम आहे, एक्स्पोजर मिळेल" असलं काही त्याला ऐकवायचं नाही, आणि ट्रान्सपोर्टचे वेगळे, पेट्रोलचा भाव वर लिहिलाच आहे.

नाटुकल्यातल्या कलाकाराला माझा निरोप, टायमिंग तुमचं खरंच चांगलं आहे. पुढच्या वेळी इंडियन ओगा करा. रंग लागत नाही, ड्रेपरी घरातच आहे, आणि रिमोटचा जोक मी तुम्हाला फुकट देते.

ह्या विषयावर मीटिंग ठेवलीत तर कृपया मेनलँडवर ठेवा. दर वेळी आयलंडवाल्यांच्या क्लबहाउसमध्ये ठेवता आणि मग जवळपास बारा किलोमीटरच्या थर्ड मेनलँड ब्रिजवर शुक्रवारी संध्याकाळी आमचं काय होतं ते आम्हाला विचारा, गेल्या वेळी मी पोचेपर्यंत चहा संपला होता आणि ठराव पास झाला होता.

कळावे,
इकेजाची एक सभासद
(वर्गणी भरलेली आहे, पावती मागू नये)